मागच्या खोलीतला गेम

माझा मुलगा मला हसतो, कारण कुठलाही नवा गेम सुरू केला की मी आधी दार शोधते. समोरून कोणी तलवार उगारून येत असतं, मागे संगीत चढत असतं, आणि मी आपली त्या किल्ल्याच्या भिंतीला चिकटून, बाहेर पडायची वाट कुठून आहे ते बघत इकडून तिकडे फिरत असते. "मम्मी, तो तुला मारून राहिला ना!" असं तो ओरडतो. मारू दे. मेलं तर पहिल्यापासून सुरू करता येतं, त्याची मला भीती नाही. पण मागे दार धाडकन लागलं आणि आता परत फिरता येणार नाही अशातला गेम असला, की मी सरळ टीव्ही बंद करून चहा ठेवायला उठते. पन्नाशीला टेकलेली, शाळेत गणित शिकवणारी बाई रविवारी भाकरी-कोरड्यास आटोपून कंट्रोलर हातात घेऊन बसते, याचं आमच्या नांदेडच्या कॉलनीत अजूनही कौतुक कमी आणि कुजबुज जास्त आहे. बाकीच्या बायका भिशीला जातात, मी गेम खेळते, आणि जमतील तसे स्वतः लिहितेही. मला त्याची लाज कधी वाटली नाही. दाराचं तेवढं एकदा सांगून टाकलं पाहिजे. ते दार लातूरचं आहे.

लातूरच्या आधी मुदखेड. अण्णा, म्हणजे माझे वडील, तिथल्या स्टेशनवर तिकिटाच्या खिडकीत बसायचे आणि आम्ही रुळांच्या कडेच्या क्वार्टरमध्ये राहायचो. जंक्शन असल्यामुळे इंजिन सुटणं, इंजिन जोडणं, डबे एकमेकांवर आदळणं हे अखंड चालायचं. आलेल्या पाहुण्यांना झोप लागायची नाही, आणि आम्ही पाहुणे म्हणून कुठे गेलो की शांततेमुळे आम्हाला लागायची नाही. धाकट्या बाळूने रडून-पडून अण्णांकडून एक टीव्ही गेम आणवला होता. त्याची कॅसेट चालली नाही की बाहेर काढायची, तिच्या पोटात फुंकर घालायची आणि परत बसवायची. फुंकर कोणी घालायची यावरून आमच्या झिंज्या ओढण्यापर्यंत वेळ यायची. कुठल्याच गेमचं खरं नाव आम्हाला माहीत नव्हतं. एक 'टँकवाला', एक 'बदकाचा', एक 'विटांचा', झालं. टँकवाला माझा सगळ्यांत लाडका. त्यात खाली विटांच्या कोंडाळ्यात एक पाखरू बसलेलं असतं, त्याला गोळी लागली की दोघांचाही खेळ खलास. बाळू सुसाट वर निघून जायचा आणि मी पाखराजवळ राखण करत थांबायची. एक्सप्रेस धडधडत गेली की फडताळातली भांडी वाजायची, टीव्ही हलायचा, आणि त्या थरथरीत नेम धरायची आम्हाला इतकी सवय झाली होती की गाडी निघून गेली की बाळू म्हणायचा, "आता सोपं झालं, मजा न्हाई." ही सवय पुढे मला महागात पडणार होती, पण ते पुढे.

शाळेला मी पॅसेंजरने नांदेडला जायची. त्या शाळेत एक कॉम्प्युटरची खोली होती, चपला बाहेर काढून आत जायचं, अगदी विहारात जातो तसं. शनिवारी सर यंत्रांवरची कापडं उचलायचे आणि आम्ही तिघी-तिघी एका खुर्चीला लगटून बसायचो. भाषा होती बेसिक. पहिल्या ओळीत लिहायचं की माझं नाव छाप, दुसऱ्या ओळीत लिहायचं की परत पहिल्या ओळीवर जा. बटण दाबल्याबरोबर 'संगीता संगीता संगीता' असं रोमन अक्षरांत पडदाभर वाहायला लागलं. ते थांबवायचं कसं हे सरांना ठाऊक नव्हतं, म्हणून त्यांनी भिंतीवरचा खटका बंद केला. मी घरी येईपर्यंत हवेत होते. आपण सांगितलं आणि कोणीतरी ऐकलं, तेही सर थांबवेपर्यंत थांबलं नाही, हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदा घडलं होतं. घरात मी काही सांगायला गेले की आई म्हणायची, आधी कणीक मळ.

दहावीला बरे मार्क पडले आणि तेच नडलं. त्या काळात आमच्या भागात मार्क पडलेल्या पोराला लातूरला टाकायचे. पाठवायचे नाही, टाकायचे. लोणचं बरणीत टाकतात तसं, झाकण घट्ट लावून दोन वर्षांनी उघडायचं. अण्णांनी अख्ख्या फलाटाला ऐकू जाईल असं सांगितलं होतं, "आमची संगी डॉक्टर होनार." आमच्या खानदानात सरकारी नोकरीत पोचलेले पहिले अण्णा, आता डॉक्टर होणारी पहिली मी, हा हिशेब त्यांनी मला न विचारता मांडला होता, आणि त्यांच्या जागी मी असते तर मीही मांडला असता. लातूरला आईची मोठी बहीण होती, कौसामावशी. तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, कॉलेजात फिजिक्स शिकवायचे आणि घरी क्लास घ्यायचे. त्यांना मूलबाळ नव्हतं. पुढची मोठी खोली क्लासची, मधलं स्वयंपाकघर मावशीचं, आणि सगळ्यात मागची शहाबादी फरशीची खोली माझी. तिला एकच खिडकी होती, बोळाकडची, गजांची. तिच्यातून शेजारच्या घराची भिंत दिसायची, आणि मान तिरकी केली तर पट्टीएवढं आभाळ.

काका शिरूर अनंतपाळकडच्या एका खेड्यातून आलेले, रोज मैलोनमैल चालत शाळा शिकलेले. त्यामुळे कोणी दमलं म्हटलं की ते त्याच्याकडे असे बघायचे की तो परत दमायचा नाही. उजाडायच्या आत पहिली बॅच सतरंजीवर येऊन बसायची. अंगणात चपलांचा ढीग, त्यातून वाट काढत दूधवाला यायचा. काका ओरडून नियम सांगायचे, पोरं एका सुरात म्हणायची, भिंतीपलीकडे मावशी खलबत्त्यात शेंगदाण्याची चटणी कुटायची, आणि मला न्यूटन आणि लसूण एकत्रच आठवतात. सकाळी क्लास, मग कॉलेज, मग केमिस्ट्रीचा दुसऱ्या सरांकडचा क्लास, संध्याकाळी परत काका, जेवण, अभ्यास. रविवारी टेस्ट. मावशी वरणातल्या चकोल्या करायची, चुरमुऱ्यांचा सुशीला करायची, पानात वाढून "खा गं, वाळून चाललीस" म्हणायची, आणि त्यापुढे काही बोलायची नाही. काकांपुढे ती बोलतच नसे. मला त्या घरात कोणी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. तरी मला सारखं वाटायचं, मी टँकवाल्यातलं ते पाखरू आहे, चहूबाजूंनी विटा आहेत आणि सगळे माझी राखण करताहेत.

गल्लोगल्ली क्लास निघायला लागले होते. आदल्या वर्षी काकांचा टेस्टचा पेपर छापखान्यातून फुटला आणि पालकांसमोर त्यांची मान खाली गेली. म्हणून त्यांनी एक कॉम्प्युटर आणि खडखड करत छापणारा प्रिंटर घेतला, आणि दारावरच्या पाटीत 'संगणकीकृत टेस्ट सिरीज' असं रंगवून घेतलं. यंत्र ठेवलं माझ्या खोलीत, लाल मखमलीच्या झुलीखाली. ते चालवता कोणालाच येईना. मी चहा घेऊन जाता जाता म्हणाले, "मला येतं." काकांनी चष्म्यावरून बघितलं. त्या दिवसापासून टेस्टचे पेपर मी टाईप करायला लागले, आणि माझी टेस्ट काका तोंडी घ्यायला लागले. पण मी तर त्याच बॅचला बसणारी, माझ्या मैत्रिणी दारात घुटमळणाऱ्या. म्हणून टायपिंगच्या वेळी काका खोलीला बाहेरून कुलूप लावायचे. मी पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा माझा चेहरा पडला असणार, कारण ते म्हणाले, "कुलूप तुझ्यासाठी न्हाई बेटा, पेपरसाठी हाय." किल्ली त्यांच्या स्कूटरच्या किल्लीच्याच रिंगमध्ये. टायपिंग चालू असेपर्यंत ते पुढच्या खोलीत वह्या तपासत बसायचे आणि मी आतून हाक मारली की उघडायचे. आज हे सांगितलं की ऐकणाऱ्याचे डोळे मोठे होतात. तेव्हा कोणाचेच झाले नाहीत, माझेही नाही. लातूरला तेव्हा पेपर म्हणजे घरातला दागिना होता.

मग भूकंप झाला. त्या पहाटेबद्दल सगळ्यांनी इतकं लिहिलं आहे की मी माझ्यापुरतंच सांगते. मी गाढ झोपेत होते. जमीन खालून गुरगुरली, भांडी वाजली, आणि झोपेतच मला वाटलं, एक्सप्रेस चालली. मी कूस बदलली. मावशीने येऊन माझा दंड धरून मला फरफटत अंगणात नेलं तेव्हा मला जाग आली. आमच्या घराला नुसत्या भेगा पडल्या. औशाच्या पलीकडच्या गावांत काय झालं ते दिवस वर आल्यावर कळायला लागलं, आणि मग दिवसभर दवाखान्याच्या रस्त्याने जीपा आणि ट्रक थांबले नाहीत. बॅचमध्ये माझ्या शेजारी बसणारी वंदना गणपतीला गावी गेली होती, ती परत आली नाही. क्लास पुन्हा सुरू झाला त्या दिवशी काकांनी हजेरी घेताना सवयीने तिचं नाव उच्चारलं. मग त्यांनी हजेरीची वही मिटली आणि बॅचला घरी जा म्हणाले. सतरंजीवरची तिची जागा आम्ही कोणी घेतली नाही.

दुसऱ्याच दिवशी अण्णा मुदखेडहून मिळेल त्या गाडीने आले. मी पिशवी भरून अंगणात बसले होते. ते आले, माझ्या डोक्यावरून हात फिरवला, माझे गाल, हात, पाय असे चाचपून बघितले आणि रडले. अण्णांना मी त्याआधी रडताना बघितलं नव्हतं. मावशीने चहा दिला. चहा पिऊन झाल्यावर त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं आणि काकांना विचारलं, "क्लास कधी सुरू होनार?" माझी पिशवी त्यांच्या पायाशीच होती. त्यांनी तिच्याकडे बघितलं आणि मान फिरवली. मला त्यांचा इतका राग आला की ते निघताना मी घरात पाणी प्यायच्या निमित्ताने गेले आणि ते दिसेनासे होईपर्यंत बाहेर आले नाही. आता मीही आई आहे, मला तो प्रश्न समजतो. राग मात्र पूर्ण गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

पुढचे कितीतरी दिवस लातूर बाहेर झोपलं. अंगणात पत्र्याचं छप्पर टाकून आम्ही तिघं खाली झोपायचो. धक्के चालूच होते, छोटे-छोटे, आणि प्रत्येक छोट्या धक्क्यामागून मोठा येतो असं सगळे म्हणायचे. घराघरात भांड्यांच्या उतरंडी रचल्या गेल्या, तांब्यावर तांब्या पालथा, त्यावर वाटी, म्हणजे हललं की आधी ते पडून कळावं. मावशीने माझ्या मॉनिटरवरही एक स्टीलचा ग्लास पालथा घालून त्यावर चमचा ठेवला होता. आणि तरी रविवारच्या टेस्ट सुरू झाल्या, पेपर सुरू झाले, आणि त्याबरोबर कुलूपही. पहिल्यांदा कडीचा आवाज परत ऐकला तेव्हा मी दार हाताने धरून ठेवलं. मी म्हणाले, "काका, कुलूप राहू द्या ना." ते म्हणाले, "मी हितंच हाय, पुढच्या खोलीत. फिकीर करू नको." मावशी परातीत पीठ घेऊन उभी होती. ती माझ्याकडे बघत होती, मग मान खाली घालून पीठ मळायला बसली.

त्या कुलपाआड मी माझा पहिला गेम लिहिला. पेपर टाईप व्हायला जितका वेळ लागतो असं काकांना वाटायचं त्याच्या अर्ध्या वेळात माझा होऊन जायचा. उरलेल्या वेळात मी बेसिक उघडायची. फ्लॉपीवर ठेवायची सोय नव्हती, कारण फ्लॉप्या काका स्वतः कपाटात ठेवायचे. म्हणून मी गेम प्रत्येक वेळी पहिल्या ओळीपासून पाठ टाईप करायची, पुढे चार ओळी वाढवायची आणि दार उघडायच्या आत पुसून टाकायची, अंगणातल्या रांगोळीसारखी. भाकरी खाताना, केमिस्ट्रीच्या क्लासला जाताना, बाहेर पत्र्याखाली पडल्या पडल्या मी मनात ओळी म्हणायची. कोणी पाढे म्हणतं, मी 'चाळीसवर परत जा' म्हणायची. त्या महिन्यांत मला वेड लागलं नाही याचं श्रेय मी त्यालाच देते. आजही एखादा प्रोग्राम अडला की मी यंत्र बंद करून तो आधी तोंडाने म्हणते, आणि मुलगा म्हणतो, मम्मीची पोथी सुरू झाली.

गेम साधा होता. काळ्या पडद्यावर आमचंच घर, तीन खोल्या, भिंती म्हणजे चौकटीच्या खुणा. 'के' हे अक्षर म्हणजे काका, 'एम' म्हणजे मावशी. मी म्हणजे एक चांदणी. जमीन हलायला लागली की पडदा डावी-उजवीकडे सरकायचा आणि भिंतीच्या खुणा कुठूनही गळायला लागायच्या. चांदणीने दोघांना गाठून बाहेर न्यायचं, मग स्वतः बाहेर पडायचं, की वर येणार 'सगळे बाहेर'. खऱ्या पहाटे मला ओढून बाहेर काढावं लागलं होतं; गेममध्ये मी सगळ्यांना काढत होते. ते लिहिताना मला फार बरं वाटायचं. पण शेवट जमत नव्हता. दोघं बाहेर पडले की चांदणी दारात अडकायची आणि प्रोग्राम गोल गोल फिरत राहायचा. कुठली ओळ चुकते ते मला केमिस्ट्रीच्या क्लासमध्ये, सर फळ्यावर बेंझिन काढत असताना, एकदम दिसलं. मी इतकी हसले की त्यांनी मला उभं केलं.

त्या आठवड्यात पेपर दुपारी टाईप करायचा होता. घर्षणावरचे प्रश्न. काकांनी कुलूप लावलं आणि पुढच्या खोलीत बसले. पेपर संपवून मी गेम टाईप करत होते तेवढ्यात बाहेर कोणीतरी आलं, कॉलेजातून तातडीचं बोलावणं होतं. काका उठले, स्कूटर सुरू झाली, आवाज लांब गेला. किल्ली त्याच रिंगमध्ये होती. ते त्यांच्या ध्यानात आलं नाही, आणि खरं सांगायचं तर माझ्याही नाही. मला वाटलं, बरं झालं, आज निवांत वेळ मिळाला. मी नवी ओळ घातली आणि बटण दाबलं. पडदा हलला, खुणा गळायला लागल्या. चांदणीने मावशीला नेलं. काकांना नेलं. आता मी दाराकडे निघाले होते. टेबल थरथरत होतं, भांडी वाजत होती, आणि मुदखेडची मुलगी त्या थरथरीत डोळे न हलवता नेम धरून बसली होती. ग्लास माझ्या मांडीवर पडला तेव्हा मी वर बघितलं. भिंतीवरचं कॅलेंडर डोलत होतं. वीज गेली आणि पडदा काळा झाला.

बाहेर आरडाओरडा सुरू झाला, "भाईर निगा! भाईर निगा!" दाराच्या वरच्या भेगेतून माती माझ्या केसांत पडली. मी दार ओढलं. ढकललं. दोन्ही मुठींनी ठोकलं. "मावशी!" असं मी किती वेळा ओरडले कोण जाणे. खिडकीचे गज धरून हलवले, ते काय हलणार. मग हलणं थांबलं आणि ती शांतता जास्त वाईट होती, कारण आता मागून मोठा येणार हे सगळ्या लातूरला माहीत होतं. माझ्या मनात आलं, वंदनालाही असंच वाटलं असेल का. आणि त्याच्यापाठोपाठ आलं की मी इथे सापडेन तेव्हा माझ्याशेजारी घर्षणाचे प्रश्न सापडतील आणि काका आधी तो कागद घडी करून खिशात ठेवतील. भीतीत माणसाला असलं काहीतरी सुचतं. मी खाली बसले आणि मला खरोखर वाटलं की संपलं.

मावशी पहिल्या हादऱ्याबरोबर अंगणात पळाली होती. ते मला नंतर शेजारणींनी सांगितलं. तिथे उभी राहून तिने काकांची स्कूटर जागेवर नाही हे बघितलं आणि ती माघारी वळली. बायकांनी तिचा पदर धरला. "कौसाबाई, आत जाऊ नका, मागून मोठा यायलाय!" पदर त्यांच्या हातात राहिला आणि ती आत आली. मला दारापलीकडे तिचा धाप लागलेला आवाज ऐकू आला, "संगे, दारापून मागं सर." मग खलबत्त्याच्या लोखंडी बत्त्याचा घाव. रोज सकाळी ऐकायची तोच आवाज, फक्त आता तो कुलपावर पडत होता. ती कुलपाला घालत होती आणि रडत होती आणि तिच्या तोंडून अशा शिव्या निघत होत्या ज्या तिला येतात हे मला माहीत नव्हतं. कुलूप तुटलं नाही, कोयंडाच लाकडासकट उपटून आला. दार उघडलं तेव्हा ती केस सुटलेली, हातात बत्ता घेतलेली उभी होती. तिने मला त्या पहाटेसारखाच दंड धरून बाहेर नेलं. मोठा धक्का काही आला नाही.

काका आले तेव्हा आम्ही रस्त्याच्या कडेला बसलो होतो. त्यांनी स्कूटर स्टँडला न लावता तशीच सोडली, ती आडवी झाली. ते पळत आले, किल्ली हातात, हात पुढे केलेला. मला बघून ते थांबले. तोंडातून पहिला शब्द फुटला तो हा, "पेपर?"

मावशी उठली. उपटलेल्या कोयंड्यासकट ते कुलूप तिने त्यांच्या हातावर ठेवलं. सगळी गल्ली बघत होती. "पेपर आत हाय," ती म्हणाली. "पोरगी भाईर हाय. बगा तुमाला काय पायजे ते." काकांनी कुलूप उलटसुलट करून बघितलं. "दार काढा," मावशी म्हणाली. "दारच काढू?" काकांनी विचारलं. "हाव. दारच."

मी पुष्कळ वर्षं तो 'पेपर' शब्द मनात धरून बसले होते. आता मला आठवते ती पुढे केलेली किल्ली. काका माझ्यासाठीच पळत आले होते, जीभ फक्त रोजच्या वाटेने गेली. माफी मागणं त्यांना येत नव्हतं. सुताराला न बोलावता त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळची बॅच सोडून स्वतः पेचकस घेऊन बिजागऱ्या खोलल्या, घामाघूम होऊन ते दार अंगणात आणलं आणि चार विटांच्या खांबांवर ठेवून त्याचं तख्त केलं. बारावी होईपर्यंत मी त्याच तख्तावर बसून अभ्यास केला. पेपर मी उघड्या खोलीत टाईप करायची आणि काका उंबऱ्यावर पाठ करून बसायचे.

दार निघालं म्हणून मी सुटले असं मात्र झालं नाही. त्यानंतरही तीच पहाट, तोच क्लास, तेच फलाटावरचं अण्णांचं वाक्य. डॉक्टरकीला माझे मार्क कमी पडले आणि अण्णा कितीतरी दिवस तिकिटाच्या खिडकीतून मान वर न करता तिकिटं देत राहिले. मी नांदेडला गणित घेतलं, शाळेत लागले. फोनमध्ये साप आला तेव्हा मी स्टाफरूममध्ये तो शेपटी न चावता वाढवत बसायची. मुलासाठी म्हणून कॉम्प्युटर घेतला आणि वापरला मी. चिमुकल्या गावात गाजरं पेरायचा गेम खेळले, घोड्यावरून माळरान तुडवायचा खेळले, तो सगळ्यात आवडतो, त्यात दारच नाही. मुलांना पाढे यावेत म्हणून काही गेम लिहिले. पण तो पहिला, पाठ असलेला, तो मी परत कधी टाईप केला नाही. प्रयत्न केला की दाराशी येऊन हात थांबायचा.

काका जाऊन बरीच वर्षं झाली. मावशी अजून त्याच घरात आहे. आजूबाजूला क्लासच्या इमारती उठल्या आहेत, त्यांच्यावर दात दाखवणाऱ्या पहिल्या नंबरवाल्यांचे फलक आहेत, आणि मावशीच्या मागच्या खोलीला आजही दार नाही, पडदा आहे. गेल्या दिवाळीत तिच्याकडे जायच्या आधी मी बसले आणि तो गेम फोनसाठी लिहून काढला. ओळी सगळ्या आठवल्या. फक्त चांदणीच्या जागी आता मी लुगड्यातली एक छोटी बाई काढली.

मावशीला चष्मा लावून दिला, बोटाने कसं सरकवायचं ते दाखवलं. ती सतरंजीवर बसून एका बोटाने खेळायला लागली, ओठ घट्ट मिटून. दोनदा भिंत अंगावर पडली. तिसऱ्यांदा तिने दोघांना बाहेर काढलं, बाईला काढलं, आणि वर अक्षरं आली, 'सगळे बाहेर'. मी टाळ्या वाजवल्या. ती मात्र बोट घासतच राहिली.

"ही बाई आत जात कामून न्हाई गं?"

"मावशी, गेम संपला. आले की सगळे बाहेर."

"आले. पर मागच्या खोलीत कुनी ऱ्हायलं का ते बगून येऊ दे की तिला."

मी बॅगेतून लॅपटॉप काढला आणि तिथेच, तिच्या शेजारी बसून, ते बदललं. आता सगळे बाहेर आले तरी गेम संपत नाही. बाईला वाटलं तर तिला परत आत जाता येतं. मावशी प्रत्येक वेळी जाते. पुढची खोली, स्वयंपाकघर, मग मागची खोली. तिथे कोणी नसतं. ती बाईला तिथे थोडा वेळ उभी करते, चारी कोपऱ्यांतून फिरवते, "हं, न्हाई कुनी," असं म्हणते, आणि मगच बाहेर येऊन फोन माझ्या हातात देते.